नानांचं वनस्नान

माझे सासरे धुळ्याच्या कोर्टात नाझर होते. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि हार मिळाला, आणि पुढच्याच आठवड्यात आजार. नेमका कोणता ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो जागा बदलायचा. सोमवारी छातीत जळजळ असली, तर गुरुवारी ती पोटरीत उतरलेली असायची. कोर्टात माणसं त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहायची. घरी उभं राहायला आम्ही तिघंच: सासूबाई, माझा नवरा आणि मी. सगळे त्यांना नाना म्हणत आणि सासूबाईंना अक्का.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे, त्यांच्या शिव्या खायच्या आणि घरी येऊन भाकरी थापायच्या. घरी आले तरी कानात 'हॅलो, हॅलो' चालूच असायचं. रात्री उशीवर डोकं टेकलं की डाव्या कानात कोणीतरी सुरतेचा नंबर मागायचं. पण ह्याला घरात आजार म्हणत नसत, नोकरी म्हणत.

नानांना घेऊन आम्ही डॉक्टरकडे गेलो. आमच्या गल्लीच्या टोकालाच त्यांचा दवाखाना होता. त्यांनी नानांना आडवं केलं, उभं केलं, जीभ पाहिली, छाती ठोकली आणि म्हणाले, "नाना, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

नानांचा चेहरा पडला. निकाल विरोधात गेलेल्या पक्षकाराचा पडतो तसा.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. उत्तम आहे सगळं."

एवढ्यात अक्का उठायला गेल्या आणि त्यांनी टेबलाची कड धरली. त्या नेहमीच काहीतरी धरून उठायच्या. आम्हाला वाटायचं तशी सवय आहे. डॉक्टरांनी त्यांना परत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, मग परत एकदा दाबला. म्हणाले, "अक्का, चक्कर येते का?"

"येते ना."

"कधीपासून?"

"मोजली नाही बापा."

त्यांचं ब्लडप्रेशर चांगलंच वाढलेलं निघालं. गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. नाना त्या खुर्चीत बसून हे सगळं अशा नजरेने पाहत होते की जणू रांगेत त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाईला आधी तिकीट मिळालं. डॉक्टर मनाने चांगले होते. नानांना अगदीच रिकाम्या हाताने पाठवणं त्यांना बरं वाटेना. म्हणाले, "नाना, मोकळ्या हवेत जा. झाडाझुडपांत राहा थोडे दिवस. दोघंही जा."

त्यातलं 'दोघंही' दवाखान्यातच राहिलं. 'झाडाझुडपांत' तेवढं नानांसोबत घरी आलं.

वाचनालयातून नाना आरोग्याची मासिकं आणत. त्यातल्या एकात त्यांना जपानी लोकांबद्दल एक लेख सापडला. ते लोक म्हणे जंगलात जातात, काही न करता हळूहळू हिंडतात, झाडाखाली गप्प बसतात, पानांचा वास घेतात, आणि त्याने त्यांचं मन शांत होतं, झोप चांगली लागते, नाडी ठिकाणावर येते. लेखकाने त्याला 'वनस्नान' असा शब्द योजला होता. नानांनी तो लेख आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. अक्का तेव्हा गवार मोडत होत्या. मी पीठ मळत होते. काही न करण्याचे फायदे आम्ही दोघींनी अगदी मन लावून ऐकले.

"पण नाना, स्नान म्हणजे पाणी लागतं का त्याला?" मी विचारलं.

नानांनी लेख पुन्हा चाळला. पाण्याबद्दल त्यात स्पष्ट असं काही नव्हतं. माझा नवरा नगरपालिकेत होता, त्याला पाण्याच्या प्रश्नावर ठाम मत न देण्याची सवय होती. तो म्हणाला, "जपानी लोक आहेत, स्नान म्हणतात म्हणजे काहीतरी विचार करूनच म्हणत असतील."

"आपण दोन्ही करू," नाना म्हणाले. "झाडांचंही आणि पाण्याचंही."

कोर्टातल्या जुन्या ओळखीतून नानांनी सातपुड्यातल्या एका विश्रामगृहाची चार दिवसांची परवानगी मिळवली. रावेरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. नवऱ्याने रजा टाकली. मला वाटलं, मी घरी राहीन आणि चार दिवस नुसती झोपेन. तर नाना म्हणाले, "तूही चल. तुझ्या कानाला बरं वाटेल." त्यांना माझ्या कानाची इतकी काळजी आहे हे मला माहीत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी कळलं, की तिथला खानसामा गावी गेलेला असून स्वयंपाकाची सोय ज्याची त्याने करायची आहे.

नाना सांगत होते, "निसर्गात जायचं तर माणसाने मोकळ्या हाताने जावं." ते खरोखरच मोकळ्या हाताने निघाले. मी आणि अक्कांनी स्टोव्ह, रॉकेलचा डबा, तवा, पोळपाट-लाटणं, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, डाळ-तांदूळ आणि मिरचीचा ठेचा एवढं उचललं. नवऱ्याकडे नानांची गादी होती, कारण परक्या गादीवर त्यांची पाठ धरायची.

धुळ्याहून जळगाव, जळगावहून रावेर, तिथून डोंगराकडे जाणारी तिसरी एसटी. मार्च संपत आलेला. एरंडोलपर्यंत नाना खिडकीत बसून आम्हाला झाडं दाखवत होते. त्यानंतर ऊन खिडकीत आलं आणि त्यांनी जागा बदलून अक्कांना तिथे बसवलं. सावदा-फैजपूरकडे केळीच्या बागा सुरू झाल्या, तशा अक्का जरा ताठ बसल्या. त्यांचं माहेर त्याच भागातलं. हिरव्यागार बागा, पाटाचं पाणी, केळीच्या घडांनी भरलेले ट्रक.  अक्का नुसत्या बाहेर पाहत राहिल्या. उन्हाने त्यांचा अर्धा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी पदरही ओढून घेतला नाही.

जंगल आलं तेव्हा नाना सीटवरून उठून, वाकून बाहेर पाहू लागले. मासिकातल्या चित्रात जंगल दाट, ओलं आणि धुक्यात होतं. आमच्या जंगलात सागाच्या एकाही झाडावर पान नव्हतं. सगळा डोंगर वाळक्या काटक्या रोवल्यासारखा दिसत होता आणि खाली पानांचा असा थर पडला होता की उंदीर गेला तरी हत्ती गेल्यासारखा आवाज यायचा. मधे मधे पळस फुललेला होता. त्याचाही बहर उतरणीला लागलेला.

"पानं कुठे गेली?" नानांनी चौकीदाराला विचारलं.

"खाली हायेत ना साहेब," चौकीदार म्हणाला.

चौकीदार साधा, बोलका माणूस होता. त्यानेच सांगितलं की ओढ्याच्या अंगाला झाडी हिरवी आहे, पाणीही आहे, फक्त सकाळी लवकर तिकडे जाऊ नका. मोहाची फुलं पडायला लागलीत आणि ती खायला अस्वलं येतात.

"अस्वलं?" नवरा म्हणाला.

"ती त्यांचं खातात, आपलं काही घेत नाहीत. उजाडलं की निघून जातात."

संध्याकाळपासून नानांचा उपचार सुरू झाला. व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून ते डोळे मिटून बसले आणि खोल श्वास घेऊ लागले. जंगलाच्या हवेने भूक फार लागते, असं त्यांच्या लक्षात आलं. मग चहा झाला. मग भजी झाली. रॉकेलच्या वासात पानांचा वास येत नाही म्हणून त्यांनी स्टोव्ह मागच्या अंगाला हलवायला सांगितला. मागच्या अंगाला वारा होता, स्टोव्ह विझायचा. तेव्हा अक्कांनी तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि चूल पेटवली. नवरा म्हणाला, "वा, चुलीवरची भाकरी! खरा निसर्ग तो हा." धुराने माझे डोळे इतके वाहत होते की खरा निसर्ग मला नीट दिसलाच नाही.

"शांतता बघा कशी आहे," नाना अधूनमधून व्हरांड्यातून ओरडून सांगत.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर, अस्वलं गेल्याची चौकीदाराकडून खात्री करून घेऊन, बाप-लेक ओढ्यावर वनस्नानाला गेले. सोबत पंचा, लाइफबॉय साबण आणि खोबरेल तेलाची बाटली. जाताना नाना म्हणाले, "आल्यावर लगेच जेवू. भरीत करा आज. चुलीवरची वांगी छान भाजली जातात."

आम्ही चुलीपाशी बसलो. वांगी निखाऱ्यात सारली. अक्कांनी भाकरीसाठी पीठ परातीत घेतलं, पाणी घातलं, आणि थांबल्या. दोन्ही हात पिठात तसेच. मला वाटलं चक्कर आली.

"अक्का, काय होतंय?"

"काही नाही वं पोरी." त्यांनी हात उचलून पाहिले, तांब्यातल्या पाण्याने धुतले, पदराला पुसले. "मी येते जराशी."

मी समजले, आडोशाला गेल्या असतील. पाठमोऱ्या त्या सागाच्या काटक्यांतून जाताना दिसल्या. पानांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग बंद झाला. मी वांगी परतली. सोलली. पीठ मळून ठेवलं. अक्का आल्या नाहीत.

थोड्या वेळाने मी विश्रामगृहाभोवती चक्कर मारली आणि हाका मारल्या. मग चौकीदाराकडे गेले. तो म्हणाला, "मोहाकडं नसतील ना गेल्या?" त्याने हे अगदी सहज विचारलं, मला मात्र अस्वलं आठवली. ब्लडप्रेशरची बाई, डोक्यावर ऊन, कुठे पडली असेल तर हाक तरी कशी मारणार?

तेवढ्यात नाना आले. अंगाला तेल चोपडलेलं, केस चापून बसवलेले, चेहऱ्यावर तेज. "ताटं घ्या," ते म्हणाले.

"अक्का सापडत नाहीत," मी म्हणाले.

"सापडत नाहीत म्हणजे? भाकरी कोण करतंय?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनाच ते ऐकू आलं असावं. ते जागीच उभे राहिले. मग हातातला पंचा खाली पडला, आणि ज्यांच्या पोटरीत गेले दोन महिने चालू देत नाही अशी कळ होती, ते माझे सासरे चपला न घालताच धावत सुटले. आम्ही त्यांच्यामागे. "अगं ए! कुठे आहेस? ऐकतेस का?" त्यांचा आवाज चिरकला होता. पंधरा वर्षांची असल्यापासून ही बाई त्यांच्या घरात होती, आणि तिला हाक मारायची म्हटलं तर 'अगं ए' याच्यापुढे त्यांच्याकडे शब्द नव्हता. वाटेत एकदा ते थांबले आणि मला म्हणाले, "तिने गोळी घेतली होती का सकाळी?" ही चौकशी त्यांनी पहिल्यांदाच केली होती. मी म्हणाले, घेतली होती. ते पुन्हा पळू लागले.

ओढ्याच्या वरच्या अंगाला खरंच सगळं हिरवं होतं. करंजाला कोवळी, चमकदार पालवी आलेली, जांभळी पाण्यावर वाकलेल्या. एका डोहाच्या काठाला सपाट खडक होता आणि त्यावर अक्का बसल्या होत्या. लुगडं घोट्याच्या वर घेतलेलं, पाय पाण्यात, दोन्ही हात मांडीवर उताणे. त्या झोपलेल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. पायाशी छोटे मासे येत होते, त्यांच्याकडे पाहत होत्या.

नाना धापा टाकत समोर उभे राहिले. त्यांच्या तळपायातून रक्त येत होतं.

"कुठे गेली होतीस?"

"कोठीच नाही. अठीच बसेल आहे."

"आम्ही किती घाबरलो! न सांगता असं निघून जायचं असतं का? काय करत होतीस इतका वेळ?"

"काहीच नाही," अक्का म्हणाल्या. "तुम्हीच वाचलं ना त्या पुस्तकात, जंगलात काही न करता बसा म्हनून. म्हटलं, बसून पाहू."

"आणि जेवण?"

"ते काही त्याच्यात लिहेल नव्हतं."

मी खाली पाहिलं, कारण मला हसू येत होतं आणि माझ्या नवऱ्यालाही.  नाना हळूच त्या खडकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. अक्कांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं, "पाय धुवा तो," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतः उठल्या नाहीत. ही गोष्ट आमच्या घरात याआधी घडलेली नव्हती. नानांना काही लागलं आणि अक्का उठल्या नाहीत. नानांनी स्वतःचा पाय स्वतः धुतला. चांगलं जमलं त्यांना.

त्या दिवशीच्या भाकऱ्या मी केल्या, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का चहाचा कप धुऊन ठेवून मला म्हणाल्या, "चाल पोरी." व्हरांड्यातल्या दोघांना म्हणाल्या, "तांदूळ-डाळ पिशवीत हाये. मीठ डब्यात." आणि आम्ही निघालो. मागे नाना नवऱ्याला विचारत होते, "खिचडीला पाणी किती लागतं?" पाणीप्रश्नावर नवऱ्याने नेहमीप्रमाणे ठाम मत दिलं नाही.

त्या सकाळी आम्ही दोघी त्या डोहाशी बसलो. सुरुवातीला मला चैन पडेना. हात काहीतरी शोधत होते. मी वाळक्या पानांच्या शिरा सोलत बसले. अक्का म्हणाल्या, "ते पन ठेव." ठेवलं. बऱ्याच वेळाने त्या आपणहून बोलल्या. लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीतून त्या याच डोंगराकडे यायच्या, गवत न्यायला. वडील गवत कापायचे आणि त्यांना झाडाखाली बसवायचे. "मंग लग्न झालं," त्या म्हणाल्या. "त्याच्यानंतर हातात काही नसतांना मी कधी बसली व्हती, मले याद नाही." तक्रार म्हणून म्हणाल्या नाहीत. हवामानाबद्दल बोलावं तसं म्हणाल्या.

मोहाचा गोडसर, जड वास येत होता. पाण्यावर कुठलासा निळा पक्षी सारखा सूर मारत होता. मग केव्हातरी माझ्या लक्षात आलं की डाव्या कानात कोणी नंबर मागत नाहीये. कधी थांबलं ते कळलं नाही. मी अक्कांना सांगितलं नाही, सांगितलं तर पुन्हा सुरू होईल अशी भीती वाटली.

परत आलो तर खिचडी खालून जळलेली आणि वरून कच्ची होती. आम्ही दोघींनी ती कौतुकाने खाल्ली. नानांनी मात्र फारशी खाल्ली नाही. त्यांनी आदल्या दिवशी स्नान करताना ओढ्याचं पाणी 'जिवंत पाणी' म्हणून ओंजळ ओंजळ प्यायलं होतं, आणि ते आता त्यांच्या पोटात जिवंत झालं होतं. पुढचे दोन दिवस त्यांचा निसर्गाशी संबंध फार वेळा आणि फार घाईने आला. चौकीदाराने त्यांना ताकात काहीतरी कालवून दिलं आणि परतीच्या एसटीत ते गादीवर टेकून, डोळे मिटून बसले होते. या वेळी खोल श्वास ते मनापासून घेत होते.

धुळ्याला आल्यावर डॉक्टरांनी नानांना सलाइन लावलं. दोन महिने शोधत असलेला खराखुरा आजार शेवटी त्यांना निसर्गोपचारातून मिळाला. तिथेच डॉक्टरांनी अक्कांच्या दंडाला पट्टा बांधला आणि भुवया उंचावल्या. "उतरलंय की. काय केलंत अक्का?"

"यायनं नेलं व्हतं जंगलात," अक्कांनी कॉटवरच्या नानांकडे बोट दाखवलं.

बस्स. नाना सलाइनसकट उठून बसले. त्यानंतर वर्षभर गल्लीत, वाचनालयात, बार असोसिएशनच्या कट्ट्यावर त्यांनी वनस्नानावर व्याख्यानं दिली. आपण बायकोला जंगलात नेऊन तिचं ब्लडप्रेशर कसं उतरवलं, ते सविस्तर सांगायचे. पळत सुटल्याचा आणि ताकाचा भाग त्यात नसायचा. 

उगाच चमत्कार सांगत नाही. अक्कांच्या गोळ्या बंद झाल्या नाहीत, फक्त कमी झाल्या. त्यात डोंगराचा वाटा किती, गोळ्यांचा किती आणि हातातलं पीठ धुऊन उठण्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. पण त्यांनी ते सोडलं नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी रिक्षा करून नकाण्याच्या तळ्यावर जायचो. काठाला बाभळी होत्या, थोडी कडुलिंबाची झाडं. सातपुडा नव्हे, पण सावली होती आणि पाण्यावर बगळे असायचे. तास-दीड तास बसायचो, फार बोलायचो नाही. घरी नाना स्वतःचा चहा स्वतः करायला शिकले. पहिल्यांदा त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलं आणि कोणाला न सांगता प्यायले. आम्हाला ते मिठाच्या उघड्या डब्यावरून कळलं.

नव्वदनंतर आमच्या गल्लीतल्या आणखी तीन-चार बायका येऊ लागल्या. एक सुनेला कंटाळलेली होती, एक नवऱ्याला, एक नुसतीच कंटाळलेली. सगळ्या बाभळीखाली ओळीने बसायच्या. नानांना हे कळलं तसा त्यांना उत्साह आला. एका सकाळी त्यांनी अक्कांना बोलावून सांगितलं की आता याचं रीतसर मंडळ करायला हवं. अध्यक्ष, सचिव, उद्घाटन, एखादा पाहुणा. अध्यक्षपद सांभाळायला त्यांची स्वतःची तयारी होती.

अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मंडळ केलं म्हनजे पाव्हने येतीन. पाव्हने आले म्हनजे चहा आला. आन चहा कोन करीन?"

"मी करीन," नाना म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मंडळ काही झालं नाही. पण त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा नाना चपला घालून दारात उभे होते, आणि अक्का म्हणाल्या, "यायचं आसीन तर या. पन तठी बोलायचं नाही." नाना आले. रिक्षात पुढे बसले. तळ्यावर आम्हा बायकांपासून थोडं लांब, एका कडुलिंबाखाली रुमाल टाकून बसले, आणि मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच, पाऊण तास काही बोलले नाहीत.